पी दाबलं की जिना गायब

मुलगा अकरावीला गेला तेव्हा मी पुन्हा नोकरी धरली. पूर्वी मी ड्राफ्ट्समन होते, म्हणजे कॉम्प्युटरवर घरांचे, दुकानांचे नकाशे काढायचे. मग सासूबाईंचं आजारपण, मुलाची शाळा, यात कितीतरी वर्षं निघून गेली. गारखेड्यातल्या एका छोट्या ऑफिसात जागा निघाली. तिथले सर म्हणाले, "मॅडम, आठवडाभर बसून बघा. नाही जमलं तर राग मानू नका." मी मनात म्हटलं, न जमायला काय झालं? हात बसलेलाच आहे माझा.

पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले.

नकाशा फर्दापूरच्या एका लॉजचा होता, आधीच्या माणसानं निम्मा करून ठेवलेला. या कामात दर वेळी मेनूत जाऊन शोधत बसत नाहीत. एकेका कामाला त्याच्या इंग्रजी नावातलं एकेक अक्षर असतं आणि ती अक्षरं बोटांत मुरलेली असतात. पी दाबलं की स्क्रीनवरचा कागद बाजूला सरकतो. मी जिना निवडला होता, कागद जरा सरकवावा म्हणून पी दाबलं, आणि जिना गायब. परत आणला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. शेजारून सर बघत होते.

गंमत म्हणजे निम्मी बटणं शहाण्यासारखी वागत होती आणि निम्मी येड्यासारखी. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, कापसानं पुसला, शेवटी सरांकडून दुसरा मागून घेतला. फरक शून्य. म्हणजे खोट कीबोर्डात नव्हती, माझ्यातच होती. वय झालं, बोटं विसरली, असं माझं मीच ठरवून टाकलं. घरी नवरा म्हणाला, "कशाला एवढी दगदग? दे सोडून." तो मायेनंच म्हणाला होता, पण मी अशी काही फिस्कारले की पोरगं ताट घेऊन आतल्या खोलीत गेलं.

गुरुवारी सर साइटवर गेले आणि मी कोरा कागद उघडला. चार रेघा ओढल्या आणि एकेक बटण दाबून काय होतं ते बघायला लागले, बालवाडीतल्या बाईंसारखी मोठ्यानं बोलत. पी दाबलं, पुसलं. के दाबलं, कापलं. एस दाबलं, सरकलं. आर दाबलं, रेघ. जी दाबलं, गोल.

तेव्हा माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं. पी म्हणजे पुस. के म्हणजे काप. कुणीतरी या मशीनला मराठी शिकवून ठेवलं होतं.

आधी हसू फुटलं, मग डोकंच फिरलं. चार दिवस मी स्वतःला म्हातारी ठरवत होते ते कुणाच्या लहरीपायी? सरांना फोन लावला. या मशीनवर सिल्लोडकडचा एक मुलगा बसायचा, गेल्या महिन्यात पुण्याला गेला, असं कळलं. नंबर घेतला आणि डबा तसाच ठेवून त्याची खरडपट्टी काढायला बसले.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "लई चुकलं ताई. जाताना परत पहिल्यासारखं करायचं राहूनच गेलं." शिकताना ते इंग्रजी शब्द त्याच्या तोंडात बसेनात. क्लासमधली पोरं हसायची. मग अक्षरं बदलता येतात हे त्याला सापडलं आणि त्यानं आपले शब्द टाकले. "त्याच्यानंतर हात असा सुटला ताई, की विचारू नका."

"मग आता पुण्यात कसं चाललंय?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तिथं पुसायला पी दाबतो, तर नुसता कागद सरकतो. समदे बघत्यात. साहेब म्हणले, महिनाभर बघू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "अरे, मग तुझी अक्षरं घाल की तिकडं. ती सगळी एका फाईलीत असतात, तेवढी उचलून न्यायची फक्त."

"मोठं ऑफिस हाय ताई. आल्या आल्या त्यांच्या मशीनला हात लावायचा म्हणजे..." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिथली पोरं फटाफट करत्यात. मला वाटाय लागलंय, मला येत होतं ते खरं येणं नव्हतंच."

हेच मी आदल्या रात्री कणीक मळताना स्वतःला ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत.

"फर्दापूरचा नकाशा तूच सुरू केलास ना?" मी विचारलं.

"व्हय."

"चार दिवस तोच उघडून बसलेय मी. जिना तीनदा पुसला गेला, पण तुझी एक रेघ मला चुकलेली सापडली नाही. न येणाऱ्याचं काम असं असतं का?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस," मी म्हटलं. "साहेबांना विचार आणि तुझी अक्षरं आजच घालून घे. आधी तुझी फाईल पाठवते, मग माझी बटणं बघते."