ऐंशीबाईंचं वेळापत्रक

"दादा, पाय काढ. आधी पाय काढ!"

"काढला तर मागं राहू की."

"कुणाच्या मागं? रस्त्यावर चिटपाखरू नाही!"

"वेळेच्या मागं."

"ब्रेक नको! ब्रेक दाबशील तर बघ. स्टिअरिंग सरळ धर, तिच्याशी कुस्ती खेळू नको. नुसता पाय काढ."

दादानं पाय काढला. काटा एकशेपाचवरून शंभर, नव्वद, ऐंशी असा खाली आला. मागं जोडलेली घरगाडी मघापासून माशा हाकलणाऱ्या म्हशीच्या शेपटासारखी डावं-उजवं करत होती, ती हळूहळू ताळ्यावर आली. दादानं कपाळ पुसलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी वहीत फुली मारली.

या बाई म्हणजे ऐंशीबाई. कपाळाला आठी, कानामागं पेन्सिल, खिशात टायरची हवा मोजायचं मीटर. मोटारीमागं जोडून न्यायच्या घरगाड्या भाड्यानं देणाऱ्या आवारात त्या अठरा वर्षं आहेत. घरगाडी म्हणजे अंथरूण, ओटा, मोरी सगळं आत असलेली पांढरीशुभ्र खोलीच, फक्त चाकांवर. गिऱ्हाईक कितीही मोठ्या बापाचं असो, बाईंना शेजारी बसवून चाचणी दिल्याशिवाय आणि त्यांची सही झाल्याशिवाय त्याच्या हातात किल्ली पडत नाही. मालकाच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी नापास करून रिक्षानं घरी धाडलं होतं. मालकीणबाई दोन महिने बोलत नव्हत्या. ऐंशीबाई म्हणाल्या, "बरं झालं, कामं तरी उरकली."

त्या आवारात आल्या त्या पडदे आणि गाद्या शिवायला. परत आलेल्या खोलीत मापाची टेप घेऊन शिरायचं, फाटलं-उसवलं बघायचं. बाहेर गिऱ्हाईक शपथेवर सांगत असायचं, की काटा कसा तो ऐंशीच्या वर गेलाच नाही. आतून बाईंचा आवाज यायचा, "मग मीठ अंथरुणात कसं?" त्यांचा हिशेब साधा होता. साठला मिठाची बरणी जागची हलत नाही. ऐंशीला आडवी होते. शंभरला झाकण उडतं, आणि त्याच्या वर गेलं की मीठ पांघरायला मिळतं. खोलीत बसून त्या रस्त्यावरचं सगळं सांगत. मालकाला वाटलं, ही बाई शिलाई मशीनवर वाया चाललीय. मग त्या गाडी शिकल्या. खोली मागं घेताना तिचं ढुंगण डावीकडं न्यायचं तर चाक उजवीकडं फिरवावं लागतं, हे डोक्यातून हातात उतरेपर्यंत फाटकाचा एक खांब आणि मालकाची मोटारसायकल कामी आली.

नाव पडलं ते त्यांच्या पाढ्यावरून. मोकळा कोरडा रस्ता असला तर ऐंशी. वारा, पाऊस, वळणं असली तर साठ. उतार लागला तर आधीच खालचा गिअर टाकून त्याहूनही कमी. "मागं एक टन ओझं आहे," त्या सांगत, "तुम्ही थांबलात तरी त्याला थांबायचं असतंच असं नाही."

आणि आज चाचणीला बसला होता त्यांचा सख्खा थोरला भाऊ.

दादा चौतीस वर्षं एक्सप्रेस बसवर ड्रायव्हर. गेल्या महिन्यात निवृत्त झाला. या चौतीस वर्षांत वहिनीनं समुद्राला जायची पिशवी अकरा वेळा भरली आणि अकरा वेळा रिकामी केली. दर खेपेला कुणीतरी ड्रायव्हर आजारी पडायचा आणि दादाची रजा रद्द व्हायची. शेवटी तिनं पिशवीच शेजारणीला देऊन टाकली. आता ही बारावी खेप. आठ दिवस, समुद्राकाठी, घर मागं बांधून. पण बाईंनी नाही म्हटलं तर हंगामात दुसरी खोली मिळायची नव्हती. शिवाय धाकट्या बहिणीनं आवारासमोर नापास केल्यावर दादा पुन्हा विचारायला येईल, तर तो दादा कसला?

आणि हो म्हटलं, तर मघाशी शेपूट कसं हललं ते बाईंनी पाहिलंच होतं.

आवारात परतल्यावर त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. दोन ट्रंका, पाण्याचे चार कॅन, घडीची खाट, सगळं पार मागच्या भिंतीला रचलेलं.

"हे असं कुणी भरलं?"

"मी," दादा छाती काढून म्हणाला. "सामान मागंच असतं. चौतीस वर्षं भरतोय."

"बसचं रे! बस एक आहे, हे दोन आहेत. मागं ओझं टाकलंस की पुढची मान उचलली जाते, हुकावर वजन राहत नाही, मग बुड नाचणार नाही तर काय होईल?"

सगळं सामान काढून चाकांवर आणि थोडं पुढं रचलं. दुसऱ्या चाचणीत खोली शहाण्यासारखी चालली. पण दादाचा पाय? ऐंशी. पंच्याऐंशी. ब्याण्णव.

"दादा."

"चढ होता."

"आता उतार आहे."

"मग ती आपली आपणच पळतेय."

बाईंनी दुसरी फुली मारली, आवारात आल्यावर किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. दादानं शर्टाचं वरचं बटण लावलं. हे बटण लागलं की दादा रुसला, हे घरचे लोक ओळखून होते.

वहिनी खोलीच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, ह्यांना पळवायची हौस नाही हो. ह्यांना एक्सप्रेसच्या वेळेत समुद्र गाठायचाय. काल रात्रीपासून तेच चाललंय."

"कशाला? समुद्र निघून जातोय का?"

"एक्सप्रेसला तीन तास दहा मिनिटं लागतात," दादा म्हणाला. "दोनशे चाळीस किलोमीटर. मी स्वतः चालवलीय. उशिरा पोचू का आता? या वयात?"

"आणि लवकर पोचलास तर?"

दादा दचकला. "लवकर? लवकर कसं पोचेन? वेळेआधी बस हलली की वाटेतला पॅसेंजर हुकतो. मेमो मिळतो त्याला. चौतीस वर्षांत मला एक मेमो नाही."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्या तडक ऑफिसात शिरल्या.

अर्ध्या तासानं त्या कागद घेऊन बाहेर आल्या. सुटण्याची वेळ अकरा. पहिला थांबा पेट्रोलपंप, अकरा पंचावन्न. तिथं दहा मिनिटं: हुक बघणे, चाकांचे नट बघणे, टायरला हात लावून तापलाय का ते बघणे. असे तीन थांबे. समुद्र, दुपारी पावणेचार. सगळ्या वेळा खोलीच्या चालीनं काढलेल्या.

दादानं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "सही कुणाची?"

"माझी."

"शिक्का?"

बाई मुकाट्यानं आत गेल्या आणि आवाराचा गोल शिक्का मारून आल्या.

"कंडक्टर?"

"मी," वहिनी म्हणाली. "आणि लवकर पोचलात तर नोंद करीन. नवरा म्हणून सोडणार नाही."

तिसरी चाचणी बारा किलोमीटरची, अकरा मिनिटं दिलेली. दादा सत्तरच्या आसपास असा गेला, की जणू मांडीवर मांजर झोपलंय. शेवटी चाळीस सेकंद जादा उरलेत असं दिसल्यावर साठवर आला. एक टेम्पोवाला मागून भोंगा वाजवत पुढं निघून गेला, तर दादा म्हणाला, "त्याचं वेळापत्रक वेगळं असेल." बाईंनी सही केली. किल्ली देताना तोंड वाकडंच ठेवलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

दहा छप्पन्नला दादा फाटकात इंजिन चालू करून उभा. मागं दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी खोळंबली, भोंगे सुरू झाले. दादा मनगटावर बघत बसला. अकराला ठोका पडल्यासारखा हलला. वहिनीनं खिडकीतून हात केला तो वळणापर्यंत आत घेतला नाही.

बाराला दहा कमी असताना बाईंच्या फोनवर वहिनीचा मेसेज आला: "पंप समोर दिसतोय. पाच मिनिटं लवकर आलो. हे कडेला घेऊन थांबलेत. म्हणतात, वेळ झाल्याशिवाय आत नेणार नाही. मला भूक लागलीय."

बाईंनी लिहिलं, "मागं घर आहे. जाऊन खा." मग फोन खिशात टाकला. मघापासून चाचणीसाठी खोळंबलेलं गिऱ्हाईक समोर उभं होतं, गळ्यात काळा चष्मा.

"मॅडम, चाचणी कशाला? मला वीस वर्षांचा अनुभव आहे."

"असेल की," बाई म्हणाल्या, आणि मीटर घेऊन त्याच्या पहिल्या टायरपाशी उकिडव्या बसल्या. "दार उघडा मागचं. सामान कुठं ठेवलंय ते बघू."