बर्फातला नारळ

‘डोंगर कुठं पळून चाललाय?’ चहा निवू दे की बस सुटू दे, माझ्या मित्राचं हे एकच वाक्य. असली माणसं तुमच्याही आळीत असतील. त्यांच्यावर चिडलं की आपणच मूर्ख ठरतो.

अंधेरीच्या एका स्टुडिओत आम्ही दोघं कॅमेरा शिकलो. मी वर आलो तो घासाघीस करून. तो कशालाही ‘बरं’ म्हणायचा. हिमालयात चढणाऱ्या एका पथकाला चित्रण करणारा माणूस हवा होता. बातमी मी आणली. बोलणी मी चालवली. कॅमेरा वाहायला वेगळा हमाल द्या, एवढ्यावरच अडून बसलो. त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘बरं.’ झालं! काम त्याचं.

परतला तेव्हा आमच्या चाळीच्या अंगणात ही गर्दी. स्टुडिओत नारळ फोडल्याशिवाय पहिला शॉट होत नाही, म्हणून यानं थेट वरच्या तळापर्यंत नारळ नेला होता.

‘आपटला, तर दगडाचा टवका उडाला! नारळ तस्साच. आतलं पाणी गोठलेलं ना!’

‘मग हो भाऊजी?’ माझ्या बायकोनं विचारलं.

‘मग काय, देवाला म्हटलं, अख्खाच घे.’

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. माझ्या कुठल्या गोष्टीला ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. यंत्रातलं तेल गोठू नये म्हणून कॅमेरा कुशीत घेऊन झोपायचो, असं तो म्हणाला, तर आळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

पुढची मोहीम ठरली तेव्हा मी त्याला गाठलं. ‘तू जाऊन आलास. या खेपेला माझं नाव सुचव.’

पहिल्यांदाच तो ‘बरं’ म्हणाला नाही. ‘नको रे. तिथं श्वास पुरवून वापरावा लागतो. तुझा निम्मा भांडणातच जाईल.’

‘हिमालय तुझ्या बापाचा काय रे?’

तो नुसता हसला. आणि तोच गेला.

हिमकडा कोसळला, त्यात तो सापडला. आधीच खाली धाडलेले फिल्मचे डबे तेवढे परत आले.

शाळेच्या हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. पांढऱ्या उतारावर माणसं चढत होती, सगळी एकाच दोरात बांधलेली.

‘यात भाऊजी कुठं आहेत?’ बायकोनं विचारलं.

शेवटच्या माणसाच्या कमरेपासून तो दोर खाली, आमच्याच दिशेनं येत होता आणि पडद्याच्या कडेला दिसेनासा होत होता. मी बोट दाखवलं. ‘त्या टोकाला.’

ती रडू लागली. मी त्या कडेकडेच पाहत राहिलो. आजही सांगतो, ती जागा माझी होती.