एका पानाची जागा

कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये फ्लॉपीच्या कॉप्या काढून देणारा एक गृहस्थ होता. कॅम्प-एक या कामगार वस्तीतून सायकलीवर यायचा, दाराशी चपला काढायचा आणि फ्लॉपीतलं सगळं स्क्रीनवर बोट ठेवून वाचल्याशिवाय कॉपी काढायचा नाही. आम्ही साहेब लोक त्याला हसायचो.

मी गणितं सोडवणारा एक प्रोग्राम तयार केला होता. तयार केला म्हणजे काय, अवघड भाग परदेशातल्या एका प्राध्यापकानं फुकट वाटलेला. माझी नुसती आरास. त्याची अट एकच होती: खुशाल वाटा, पण माझ्या नावाचं आणि अटींचं हे पान सोबत ठेवा. फ्लॉपीत जागा पुरेना, म्हणून मी ते पान उडवलं.

कॉप्या त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यांना जायच्या होत्या. मोठे साहेब दारात घड्याळ बघत उभे होते. आणि याचं बोट थांबलं.

"साहेब, मास्तरच्या मूळ फ्लॉपीत मी वाचलेलं ते त्याचं पान कावून काढलं?"

"जागा नाही. त्याच्यावाचून गणित अडत नाही. आटपा लवकर!"

"थांबा न." त्यानं स्क्रीनवर माझ्या नावाचं पान आणलं. चांदण्यांच्या महिरपीत, मी आठवडाभर खपून सजवलेलं. "मंग हे काढलं त गणित अडते का?"

"क्या हुआ भाई?" मोठे साहेब गरजले.

तो कॉपीचं बटण काही दाबत नव्हता. मी एक शब्द बोललो असतो तर त्याला मेमो मिळाला असता.

"काही नाही, सर," मी म्हणालो. "माझंच एक पान जास्त झालंय."