मनोरीला मिरच्यांचा ठसका

ऐका, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर उद्या परत "काही नाही गं" म्हणेन.

रविवारी कांदिवलीहून निघालो, मी आणि माझी मैत्रीण प्राची. तिच्या आत्याकडे मनोरीला जेवायला. मार्वे जेट्टीवर झकास ऊन. फेरीबोट सुटली आणि खाडीच्या मधोमध माझी वाट लागली. छाती धडधड, बोटं बधिर, श्वासच पुरेना. वाटलं, मेले मी.

"प्राची, उतरव मला."

"कुठे? पाण्यात?" म्हणाली, पण हात घट्ट धरून बसली.

धक्का येईपर्यंत ओसरलंसुद्धा. गेले काही महिने हे असंच चाललंय. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. आई म्हणते, दृष्ट लागली. मी आधी लिफ्ट सोडली, मग मॉल, मग ऑफिसच्या मीटिंगा.

गावात वलांड्यांवर (बांबूंच्या मांडणीवर) बोंबील वाळत होते. आत्याने माझा चेहरा बघितला आणि आधी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट असेल तर मिरच्यांचा वास येत नाही म्हणतात. इथे असा ठसका उठला की आम्ही तिघी आणि मांजर, सगळे अंगणात!

"नजर नाय गो तुला," आत्या डोळे पुसत म्हणाली. तिला वाईटच वाटलं. असती तर काढली असती ना तिने.

ताटात तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. मी नुसती भाकरी कुस्करत होते. "हृदय नाही, नजर नाही. मग मी नाटकं करते का?"

"नाटकं करणारी सात मजले जिन्याने चढत नाही," प्राची म्हणाली. "परत परत होतंय. त्या भीतीने तू एकेक गोष्ट सोडतेयस. मानसोपचारतज्ज्ञाला दाखव ना यार."

"आईला काय सांगू?"

आत्या पटकन म्हणाली, "सांग, मनोरीच्या आत्यानं बघितलं. नजर नाय निघाली."

परतताना बोटीत पाय ठेववेना. उत्तन, भाईंदर करत बसने लांबून आलो. प्राचीनेच दोघींची तिकिटं काढली. खिडकीशी बसून मला रडूच आलं. हल्ली मी सगळीकडे अशीच लांबून जाते.

घरी आल्या आल्या आईला मिरच्यांचं सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञाचंही. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "डॉक्टरकडे मी येऊ सोबत?"

गुरुवारी जातोय. बरं होईल का, किती दिवसांत, काही माहीत नाही. पण जातोय.

तुमचं झालंय का कधी असं? तुम्ही कुठेकुठे लांबून जाता?