खिडकीतल्या मेणबत्त्या

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला स्टेट कॉलेज या अमेरिकन गावातला आमचा घरमालक आठवतो. नव्वदीला टेकलेला म्हातारा, खालीच एकटा राहायचा. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी मी आणि माझ्या नागपूरच्या रूममेटने खिडकीत मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडून मेणबत्त्या लावल्या, तोच तो धापा टाकत वर आला आणि न विचारता एकेक विझवायला लागला. "बघ यार, याला आपलं खटकतं. लीज कॅन्सल करणार हा," रूममेट पुटपुटली. मलाही तेच वाटलं. मी तडकून विचारलं, "आमच्या बुद्धाचा तुम्हाला काय त्रास?" मूर्तीकडे न बघता पडदा ओढत तो म्हणाला, "महायुद्धात आम्ही जहाजातून इंग्लंडसाठी तेल न्यायचो. सीझन बुडेल म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी दिवे घालवले नाहीत. त्या उजेडापुढे आमचं जहाज उठून दिसलं आणि शत्रूच्या पाणबुडीने टिपलं." मला ती सबबच वाटली, समुद्र तिथून कित्येक तास लांब. पण पडद्याची राहिलेली फट त्याने बोटांनी मिटवली आणि म्हणाला, "हं, आता लावा." हल्ली मॉरिसव्हिलच्या घरात मेणबत्त्या लावण्याआधी मी पडदे ओढते. मुलगी विचारते, "आई, हूज वॉचिंग अस?" मी राहिलेली फट मिटवते.