चौथा हूक मोजू नको

आमच्या टेस्टिंग लॅबच्या कोपऱ्यात तुटलेल्या हूकांचा ढीग साचतो. दर शनिवारी भंगारवाला तो उचलून नेतो. किस्स्यांचा ढीग मात्र कुणी नेत नाही. तो माझ्याच डोक्यात सडतो, म्हणून आज इथे ओततोय.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचे हूक बनतात. हूक मशीनवर चढवायचा, लाखो वेळा ओढायचा-सोडायचा, कितव्या झटक्याला तुटला ते लिहायचं, हे माझं काम. त्यावरून हूक किती वर्षं टिकेल ते ठरतं. असल्याच ट्रॉलीवर बसून माझी अक्का सावद्याला केळीचे घड भरायला जाते, म्हणून मला हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत. पण मी धुळ्याचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं, माझं कोण ऐकणार! ऐकायचं ते आबांचं. आबा लॅबचे मुख्य, अमळनेरकडचे, तीस वर्षं त्याच खुर्चीत.

नवीन डिझाइन आलं. मी म्हटलं, त्याच्या आठ नंबरच्या लॉटमधून डोळे मिटून बारा हूक उचलू आणि बाराही तोडू. आबा हसले. "शितावरून भाताची परीक्षा होते रे. चार बस."

भात एका पातेल्यात शिजतो, आबा. हूक एकेक वेगळा घडतो. हे मी मनात म्हटलं, कारण मागच्या वेळी मोठ्याने म्हटलं होतं तेव्हा आठवडाभर झाडू मारला होता.

तर चार. ते तरी डोळे मिटून? छे. आबा स्वतः गोदामात गेले. एकेक हूक वाजवून, उजेडात फिरवून, पोरीसाठी स्थळ बघावं तसे चार देखणे निवडून आणले. म्हटलं, शेतकऱ्याला असे निवडून मिळतात का? तर म्हणे, "पाहुण्याला डागी केळं देतोस का तू?"

तीन हूक चांगले चालले. चौथा, तोही आबांनीच निवडलेला, दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवायच्या आत तुटला. मी आकडा लिहायला पेन उचललं तर आबांनी हात धरला. "हा मोजू नको. मशीनला झटका बसला व्हता." मशीन तेच, माणूस तोच. हूक टिकला की आमचं पोलाद भारी आणि तुटला की मशीन खराब! मी अक्काचं सांगितलं. लॉट सावद्यालाच जाणार होता. आबा म्हणाले, "काही व्हत नही रे भो. बठ्ठा माल चांगला शे." बठ्ठा म्हणजे सगळा.

तुटलेले दोन तुकडे मी भंगारात टाकले नाहीत. ड्रॉवरमध्ये ठेवले.

बाकीच्या तीन हूकांपैकी एक शेवटपर्यंत तुटलाच नाही. मुदत संपली म्हणून उतरवला. अर्धं आयुष्य मशीनवर झिजवलेला हूक. त्याला रंग मारून आबांनी पाठवायच्या खोक्यात टाकला! वर मलाच शिकवलं, "परीक्षा पास झालेला तोच, त्याच्याइतका पक्का दुसरा कोणता?"

मग रिपोर्टवर शिक्का मारायला धुळ्याहून सर आले. माझेच जुने सर. न तुटलेल्याचाही धरून तीन आकडे झाले, त्यांवर त्यांनी पट्टीने रेघ ओढली आणि लिहिलं, आयुष्य दहा वर्षं. मी विचारलं, सर, किती खात्रीने? पेनाचं टोपण लावत म्हणाले, "शंभर टक्के." एवढं बोलून चहा मागवला. मी कॉलेज का सोडलं, असं घरचे अजून विचारतात.

रिपोर्ट गेला, लॉट सावद्याला गेला. अक्काला फोन करून सांगितलं, ट्रॉलीवर बसू नकोस. ती म्हणाली, मग शेतात काय उडत जाऊ?

परवा आबा माझ्या टेबलाशी आले. इकडे तिकडे बघितलं. घरी नवीन ट्रॉली घेतलीय म्हणाले, कापूस वेचायला सून आणि बाया तिच्यावरच बसून जातात. एक हूक हवा होता. मी म्हटलं, घ्या की, आठ नंबरचं एक खोकं उरलंय तिथं.

आबा खोक्याकडे गेलेच नाहीत. हळू आवाजात म्हणाले,

"मशीनवर चढलेला नको. आठ नंबरच्या लॉटमधला तर नकोच नको. आणि ज्या लॉटमधला देशील ना, त्यातले आधी बारा तोडून बघ."