साळूबाईच्या ओव्या आणि ज्ञानू गुरवाचा कौल

बोरजाईवाडीत देवीच्या खालोखाल कुणाचं चालत असेल तर ज्ञानू गुरवाचं, असं लोक म्हणत. देवीचंही ज्ञानूच्या हातूनच चालतं, हे मात्र कुणी बोलत नसे. माणूस दिसायला शेवग्याच्या शेंगेसारखा. आवाज असा की त्यानं आरती धरली की देवळातलं मांजर उठून बाहेर जाई. पण कौल लावावा तो ज्ञानूनंच. देवीच्या दोन खांद्यांवर कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी गळाली तर होय, डावी गळाली तर नाही. म्हैस घ्यावी का, विहिरीला पाणी लागेल का, पोरगी कुंडलला द्यावी का, सगळं गाव त्या दोन पाकळ्यांवर चाललं होतं.

चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या एका साप्ताहिकात साळूबाईच्या ओव्या छापून आल्या आणि या सगळ्याला हादरा बसला.

साळूबाईचा एकुलता लेक मानसिंग पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला. तेव्हापासून पहाटे जात्यावर बसली की ती देवीशी भांडायची. शाळेतल्या विजयमालाबाई तिच्याच सोप्यात भाड्यानं राहत. त्यांनी ते भांडण ऐकून वहीत उतरवलं आणि विचारलं, "आक्का, सांगलीला पाठवू का? छापतील."

"छापून काय हुतंय?"

"लोक वाचतील."

"वाचू द्यात की. देवीला बी कुनीतरी वाचून दावंल."

आणि छापून आलं ते असं:

*दोन पाकळ्या लावल्या, उजवी पडली बाई*
*माझा लेक न्हेला, तुला डोळंच कसं न्हाई?*
*तीन वर्सं घालते पानी, तुज्या पायावर आई*
*दगूड भिजतू निसता, दगूड रडत न्हाई*

मग पत्रं सुरू झाली. म्हसवडच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं की बाईंनी सोळा सोमवार धरावेत, म्हणजे असले विचार येणार नाहीत. मिरजेच्या एका गृहस्थांना देवीबद्दल काही म्हणायचं नव्हतं, त्यांना चौथ्या ओळीची चाल खटकली होती. कुंडलच्या एका बाईनं लिहिलं, 'मला वाचता येत नाही. मालकांकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा ते म्हणाले, घसा बसलाय.'

हे अंक देवळासमोरच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचं काम हिंदुरावांचं. ते गावचे पंच, चौदा एकर उसाचे धनी. कुंडलच्या पत्रावर त्यांचाही घसा जरा बसला, पण पंचाचा घसा लगेच मोकळा होतो.

"गावाचं नाव छापलं, देवीचं नाव छापलं! दगूड म्हनती? उद्या पावनं म्हनतील, बोरजाईवाडीची देवी आंधळी!"

"मग काय करायचं, आण्णा?" कुणीतरी विचारलं.

"करायचं काय? देवीलाच इचारायचं. मंगळवारी कौल लावायचा. देवी रागावली आसंल तर साळूबाईनं दंडवत घालावं आन् शबूद माघारी घ्यावा. न्हाईतर यात्रेला तिच्या घरचा निवद न्हाई, आन् देवळाच्या उंबऱ्यात पाय न्हाई."

निरोप साळूबाईला पोचला. ती जोंधळा पाखडत होती. सुपावरची नजर न काढता म्हणाली, "माझा ल्योक माघारी द्या. शबूद लगीच माघारी घेते."

कट्ट्यावर जो तो बोलत होता. ज्ञानू मात्र खांबाला टेकून वाती वळत होता. वळलेली वात उलगडायचा आणि पुन्हा वळायचा. त्या ओव्यांत नाव देवीचं होतं, पत्ता मात्र त्याचा होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मानसिंग रजेवर आला होता, तेव्हा मधेच तार आली, तातडीनं हजर व्हा. साळूबाई लेकाला घेऊन देवळात आली. प्रश्न एकच, पोरगं सुखरूप परत येईल का? ज्ञानूनं पाकळ्या लावल्या. डावी सुटायला लागली. देठाकडून उचलली, आता पडणार. साळूबाई डोळे मिटून पुटपुटत होती. मानसिंग मनगटावरचं घड्याळ बघत होता. ज्ञानूनं हळद वाहायचं निमित्त केलं, डावीवर अंगठा दाबला आणि उजवीवर फुंकर घातली.

तीन वर्षं तो अंगठा त्याच्या मनातून गेला नव्हता.

मंगळवारी देऊळ भरलं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. साळूबाई दाराशी उभी होती, पदर खोचून, बाजारात भाव करायला आल्यासारखी. हिंदुरावांनी प्रश्न घातला, "आई, ह्या बाईवर तुझा राग हाय का?"

ज्ञानूनं पाकळ्या उचलल्या. काम सोपं होतं. डावी जरा कोरडी लावली की ती आधी गळणार. देवी रागावलेली नाही, साळूबाईचा निवद सुरू, गाव घरी, ज्ञानूही घरी. मागच्या खेपेला जमलं होतं, आताही जमलं असतं.

त्यानं पाकळ्या परत तांब्यात टाकल्या.

"काय झालं रं?" हिंदुराव म्हणाले.

"कौल लागायचा न्हाई, आण्णा."

"का? आंघूळ केली न्हाईस?"

"आंघूळ केलीया. आक्काच्या ओव्यांत देवीवर आळ हाय, त्यो माजा हाय. मानसिंगच्या टायमाला देवीनं डावी दिली हुती. मी अंगठ्यानं दाबली आन् उजवी पाडली. देवी खरं बोलत हुती. खोटं मी बोललो."

देवळात एकदम गिल्ला उठला. खरं सांगायचं तर देवीची कुणाला काळजी नव्हती, ज्याला त्याला आपापला कौल आठवला.

"माज्या म्हशीचा कौल, ज्ञानू?" मागून एकजण ओरडला.

"म्हशीचा खरा हुता."

"आन् आमच्या सोयरिकीचा?" रंगुबाईनं विचारलं. तिची सून महिन्यातले वीस दिवस माहेरी असे.

"त्यो देवीनंच दिला, वैनी. त्यो माज्यावर घालू नगा."

त्यातही काहीजण हसले. हिंदुराव मात्र लालबुंद झाले होते. "मग आता गावानं इस्वास कुनावर ठिवायचा?"

"देवीवर ठिवा की. माज्यावर ठिवायला कुनी सांगितलं हुतं?"

हिंदुरावांनी थेट निकालच दिला. पूजा ज्ञानूकडे राहील, पण कौलाला त्यानं पुन्हा हात लावायचा नाही. ज्ञानूनं मान हलवली. देवीचा राग आहे की नाही हे विचारायचं राहूनच गेलं, आणि साळूबाईवरचा ठराव त्या गोंधळात कुठं गेला ते पुढं कुणी विचारलं नाही. साळूबाई त्याआधीच निघून गेली होती.

तिच्या जाण्याचा ज्ञानूला सगळ्यात धसका बसला. पंचांच्या निकालानं त्याची एक भाकरीसुद्धा कमी झाली नाही. पण ती शिव्या न देता गेली, म्हणून तो दोन दिवस जेवला नाही. साप्ताहिकाला त्यानं विजयमालाबाईंकडून पत्र लिहवून घेतलं, 'कविता बरोबर आहे. देवीनं उत्तर देऊ नये. उत्तर मी देतो.' संपादकांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी छापलं.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी, देऊळ रिकामं असताना, साळूबाई आली. देवीच्या पायावर पाणी घातलं आणि ज्ञानूपुढं उभी राहिली.

"उपकार केलास आसं वाटलं तुला?"

"व्हय आक्का. तवा तसंच वाटलं."

"डावी पडली असती तरी पोरगं जानारच हुतं. हुकूम हुता त्याला. पर मी त्याला जवळ घिऊन रडले असते. त्याचं त्वांड नीट बघितलं असतं. तुज्या त्या फुंकरीनं मी त्याला हसत लावून दिला रं. म्हनलं, येताना सातारचं पेढं घिऊन यी."

क्षमा मागायची ज्ञानूनं तयारी केली होती, पण ती मागायची सोय या बाईनं ठेवली नव्हती. तो उठून बाहेर जाऊ लागला.

"कुठं निघालास? बस हितं," साळूबाई म्हणाली. "छापल्यात त्या चारच वळी. जात्यावर अजून चाळीसभर हायत. समद्या ऐकायच्या. मधी उठायचं न्हाई, आन् देवी बघून घेईल आसं म्हनायचं न्हाई."

ज्ञानू भिंतीला टेकून बसला. साळूबाई देवीकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली, मांडीवर हात ठेवले, आणि पहिल्यापासून म्हणायला लागली.